गांधीजींच्या १९३८च्या लेखावरून पडलेला प्रश्न : पॅलेस्टाईनवरचे ज्यू आणि अरब हक्क नेमके कशावर उभे आहेत?

वर्धेकर :

नमस्कार. आमच्याकडे दर महिन्याला अभ्यासवर्ग भरतो आणि पुढच्या बैठकीत पॅलेस्टाईनविषयी मांडणी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सुरुवात सेवाग्रामपासून करावी असे मनात आहे, कारण गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'साठी ज्यूंविषयीचा लेख लिहिला तो येथूनच. गावाचे नाव तेव्हा शेगाव होते. इंग्लंड जसे इंग्रजांचे आणि फ्रान्स जसे फ्रेंचांचे, तसे पॅलेस्टाईन अरबांचे आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. मात्र त्याच लेखात ज्यूंविषयीची कळकळही आहे. ख्रिस्ती जगाने ज्यूंना आपले अस्पृश्य केले, असे ते म्हणतात.

तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९३९ मध्ये, मार्टिन बूबर यांनी जेरुसलेमहून गांधीजींना दीर्घ पत्र लिहिले. बूबर नाझी जर्मनी सोडून नुकतेच तेथे आले होते आणि ज्यू व अरब यांनी मिळून एकच देश चालवावा, या मताच्या मोजक्या ज्यू विचारवंतांपैकी ते होते. त्यांनी लिहिले की, येथे दोन जिवंत हक्क समोरासमोर उभे आहेत, त्यांचे मूळ आणि स्वरूप वेगवेगळे आहे, आणि त्यांतला कोणता न्याय्य व कोणता अन्याय्य हे ठरवणारे तटस्थ माप आपल्या हाती नाही.

मी अडकले आहे ती याच ठिकाणी. माझ्या वाचनात जे आले त्यात बहुतेकांनी 'आधी कोण होते' हाच मुद्दा धरलेला दिसतो. एक बाजू दावीद आणि सुलेमान यांच्या राज्यांपासून सुरुवात करते, रोमनांनी ज्यूंना हाकलले आणि 'पॅलेस्टाईन' हे नावही त्यांनीच रचले, असे सांगते. दुसरी बाजू तेराशे वर्षांच्या अखंड अरब वस्तीकडे बोट दाखवते. याखेरीज ज्यूंनी जमीन रीतसर पैसे देऊन विकत घेतली होती, मग तक्रार कसली, असाही एक मुद्दा वारंवार पुढे येतो. यातले काय टिकते आणि काय टिकत नाही, हे जाणकारांनी सांगावे. अलीकडच्या युद्धावर येथे चर्चा नको, ही नम्र विनंती. मला हक्कांचा इतिहास समजून घ्यायचा आहे.


शोधयात्री :

'आधी कोण' हा प्रश्न टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही, कारण दोन्ही समाज तो मनापासून विचारतात. मात्र त्यात मिसळलेल्या दोन-तीन चुका आधी दूर केल्या पाहिजेत.

'इस्राएल' हे नाव पहिल्यांदा सापडते ते इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी सुमारे १२०८ मध्ये, आणि तेही कनान (पॅलेस्टाईनचे जुने नाव) प्रदेशात आधीपासून असलेल्या अनेक लोकांपैकी एक म्हणून. पुढे इस्राएल आणि यहूदा अशी दोन राज्ये दिसतात, पहिले इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरांनी बुडवले, दुसरे इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनने. इराणच्या सायरसने ज्यूंना परतण्याची मुभा दिल्यावर जेरुसलेममध्ये त्यांचे दुसरे मंदिर उभे राहिले, ते इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळले. इ.स. १३२ ते १३५ या काळातले बार कोखबाचे बंड मोडल्यावर हेड्रियनने यहूदिया प्रांताचे नाव 'सिरिया पॅलेस्टिना' केले, हे खरे आहे. तथापि नाव त्याने रचले नाही. त्याच्या साडेपाचशे वर्षे आधी ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने या किनारपट्टीला पॅलेस्टाईन म्हटले आहे, आणि त्या नावाच्या मुळाशी त्याहून जुने फिलिस्ती लोक आहेत.

दुसरी चूक अशी की, त्यानंतर तेथे ज्यू उरलेच नाहीत. जेरुसलेममध्ये त्यांना बंदी झाली, पण उत्तरेकडच्या गालीलमध्ये त्यांची गावे नांदत राहिली. मिश्ना हा धर्मशास्त्राचा संग्रह इ.स. २००च्या सुमारास गालीलमध्येच सिद्ध झाला. सोळाव्या शतकात गालीलमधले सफेद हे गाव ज्यू विद्येचे मोठे केंद्र होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द जेरुसलेम शहरात ज्यूंची वस्ती इतर कोणत्याही एका समाजापेक्षा मोठी होती. संपूर्ण प्रदेशाचा विचार केला तर मात्र ते फार थोडे होते. १८८०च्या आसपास चार-साडेचार लाखांच्या लोकसंख्येत पंधरा ते पंचवीस हजार.

तिसरी चूक अरबांच्या बाबतीतली. इ.स. ६३० नंतरच्या दशकात अरब सैन्ये आली आणि जेरुसलेम खलिफा उमरच्या स्वाधीन झाले. परंतु सैन्याबरोबर एक नवी प्रजा येऊन जुनी सगळी निघून गेली, असे झाले नाही. त्या वेळी बहुसंख्य रहिवासी ख्रिस्ती होते, शोमरोनी (ज्यूंशी नाते असलेला जुना धर्मपंथ) होते, ज्यूही होते. पुढच्या काही शतकांत त्यांच्यातल्या पुष्कळांची भाषा अरबी झाली, अनेकांचा धर्म इस्लाम झाला. काही ख्रिस्तीच राहिले आणि आजही अरबी बोलतात. म्हणजे आजच्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याचे पूर्वज सातव्या शतकात अरबस्तानातून आले असे धरणे जितके चूक, तितकेच ते त्याआधी तेथे नव्हतेच असे धरणेही चूक.

याच ओघात 'पॅलेस्टिनी नावाचे राष्ट्र कधी नव्हतेच' हा आक्षेपही येतो, म्हणून लिहितो. ऑटोमन राजवटीत हा एकसंध प्रांत नव्हता. जेरुसलेमचा जिल्हा १८७२ पासून थेट इस्तंबूलच्या अखत्यारीत होता, तर नाब्लुस आणि अक्का हे पुढे बैरूत प्रांतात गेले. तरीही १९११ मध्ये याफात अल-ईसा घराण्यातल्या दोघांनी वृत्तपत्र काढले तेव्हा त्याचे नाव 'फिलास्तीन' ठेवले, आणि ते वाचकांना समजावून सांगावे लागले नाही. आधुनिक अर्थाने राष्ट्र ही भावना ज्यूंमध्येही त्याच सुमारास आकाराला आली. बासेलला पहिली झिओनिस्ट, म्हणजे ज्यू राष्ट्रवादी, परिषद भरली ती १८९७ मध्ये. एकाचे राष्ट्रपण प्राचीन आणि दुसऱ्याचे बनावट, ही मांडणी मला इतिहासाला धरून वाटत नाही.


जुने दप्तर :

जमीनखरेदीच्या मुद्द्यावर मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण महसूल खात्यात माझे आयुष्य गेले आणि पॅलेस्टाईनच्या जमीनव्यवहारांविषयी वाचताना मला जागोजागी आपल्याकडची दप्तरे आठवत राहिली.

ऑटोमन काळात बहुतांश शेतजमीन 'मिरी' वर्गातली होती. मूळ मालकी सरकारची, कसण्याचा आणि वारसाने पुढे देण्याचा हक्क शेतकऱ्याचा. तीन वर्षे पड ठेवली तर तो हक्क जाऊ शकत असे. कित्येक गावांत जमीन 'मुशा' पद्धतीने सामाईक होती, म्हणजे ठरावीक वर्षांनी कसणाऱ्यांमध्ये तिची नव्याने वाटणी होई. १८५८ मध्ये सरकारने नवा जमीन कायदा केला आणि प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी नावावर नोंदवण्याचे ठरवले. हेतू महसुलाचा होता. शेतकऱ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की नाव लागले की सारा वाढणार आणि मुलगा सैन्यात ओढला जाणार. म्हणून अनेकांनी नोंद टाळली किंवा शहरातल्या वजनदार माणसाच्या नावावर होऊ दिली. गावात सगळे पूर्वीसारखेच चालू राहिले, नांगर त्यांचाच होता. कागद मात्र दुसऱ्याचा झाला. सरकारनेही मोठमोठे पट्टे लिलावाने विकले. बैरूतच्या सुर्सुक या धनाढ्य ख्रिस्ती घराण्याने १८७२ च्या सुमारास मर्ज इब्न आमिर, म्हणजे हिब्रूत यिज्रेल, या सुपीक खोऱ्यातला मोठा भाग असाच घेतला. तेथील गावे त्यांनी कधी काळी पाहिली असतील नसतील. पीक कुळे काढत होती आणि खंड बैरूतला जात होता.

ज्यू राष्ट्रीय निधी १९०१ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्यासाठी व इतर संस्थांसाठी जमीन घेणारे मध्यस्थ अशा बड्या, परगावी राहणाऱ्या मालकांकडे जाऊ लागले. सुर्सुकांनी १९२१ ते १९२५ या काळात खोऱ्यातली गावेच्या गावे विकली. कायद्याच्या दृष्टीने व्यवहार चोख होता, किंमत बाजारभावापेक्षा चढी होती, आणि नव्या वसाहतकारांनी दलदली उपसून तेथे कष्टाने शेती उभी केली, हेही तितकेच खरे आहे. पण कुळांचे काय झाले? निधीच्या नियमाप्रमाणे घेतलेली जमीन पुन्हा विकली जात नसे. ती ज्यू कसणाऱ्यालाच भाडेपट्ट्याने दिली जाई, आणि कामही ज्यू हातांनीच व्हावे असा आग्रह होता. पूर्वी मालक बदलला तरी कूळ जमिनीवर राहत असे, खंड नव्या मालकाला देत असे. आता मालक बदलला की कुळाला गाव सोडावे लागे. हा फरक पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो १९१०-११ मध्ये, फुला या गावाच्या विक्रीच्या वेळी. नाझरेथचा ऑटोमन अधिकारी शुक्री अल-असली याने ती विक्री अडवण्याचा आटोकाट प्रयत्न केला, वृत्तपत्रांतून लिहिले, पुढे ऑटोमन संसदेत प्रश्न मांडला. तरी कुळांना उठावे लागले आणि तेथे मेरहाविया ही वसाहत झाली.

आपल्याकडे कोकणात खोतीविरुद्ध जे आंदोलन झाले, ज्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता : कागदावर नाव असणाऱ्याचा हक्क मोठा की पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचा? आपण १९४८च्या कूळकायद्याने कसणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाईनमध्ये आलेल्या ब्रिटिश प्रशासनानेही १९२९ आणि १९३३ मध्ये कुळांना संरक्षण देणारे अध्यादेश काढले, पण तोवर खोरे विकले गेले होते. बेजमीन झालेल्या अरबांची मोजणी १९३१ पासून सुरू झाली तेव्हा ३,२७१ कुटुंबांनी अर्ज केले आणि त्यांतले फक्त ६६४ मान्य झाले. हा आकडा पुष्कळ वेळा 'विस्थापित फारसे झालेच नाहीत' असे सांगण्यासाठी दिला जातो. मात्र ज्याला दुसरीकडे जमीन किंवा मजुरी मिळाली तो बेजमीन नाही, अशी व्याख्या करून ती मोजणी झाली होती. ज्याने कधी पीकपाहणी केली आहे त्याला व्याख्या बदलली की रकाना कसा बदलतो हे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या बाजूचेही लिहिले पाहिजे. विकणारे सगळे बैरूतचे नव्हते. कर्जबाजारी लहान शेतकऱ्यांनी विकले, आणि सभेत विक्रीविरुद्ध बोलणाऱ्या काही अरब पुढाऱ्यांच्या घराण्यांनीही गुपचूप विकले. आणखी एक गोष्ट : दुनम म्हणजे साधारण दहा गुंठे. संपूर्ण पॅलेस्टाईन सुमारे २ कोटी ६३ लाख दुनमांचे. ब्रिटिश राजवट संपत आली तेव्हा त्यातली ज्यूंच्या मालकीची जमीन सहा-सात टक्के होती. त्यामुळे 'देश विकत घेतला' हे खरे नाही आणि 'सगळा देश अरबांनी विकून खाल्ला' हेही नाही. पुढे जे राज्य झाले त्याच्या ताब्यातली बहुतेक जमीन खरेदीखताने आलेली नव्हती. ती युद्धाने आली.


अनुच्छेद :

'जुने दप्तर' यांचे विवेचन फार मोलाचे आहे, पण केवळ जमिनीच्या बाजूने पाहिले तर ज्यू हक्कातला सर्वांत निकडीचा भाग निसटतो, असे मला वाटते. तो भाग प्राचीन राज्यांचा नाही. तो आश्रयाचा आहे.

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंच्या कत्तलींची लाट आली. बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेला गेले, पॅलेस्टाईनला नव्हे. १९२४ मध्ये अमेरिकेने दारे जवळजवळ लावून घेतली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, आणि एकट्या १९३५ मध्ये साठ हजारांहून अधिक ज्यू पॅलेस्टाईनला आले. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समध्ये एव्हियाँ येथे बत्तीस देशांची परिषद भरली; निर्वासितांना घ्यायला जवळपास कोणीही तयार झाले नाही. गांधीजींचा लेख त्यानंतर चार महिन्यांनी आला, हे वर्धेकरांनी मांडणीत अवश्य सांगावे. १९३९च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेने पाच वर्षांत एकूण ७५,००० ज्यूंनाच प्रवेश ठरवला आणि पुढच्या सहा वर्षांत युरोपातले साठ लाख ज्यू मारले गेले. ज्याला जगात कोठेच जागा नाही त्याचा हक्क कोणत्या खतावर लिहायचा?

अरबांचे म्हणणे होते की हे पाप युरोपचे आहे आणि त्याचे प्रायश्चित्त आम्ही का घ्यावे. या प्रश्नालाही आजवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. मी वाचलेल्या कागदपत्रांत मला सर्वांत हलवून टाकणारे पत्र १ मार्च १८९९चे आहे. जेरुसलेमचे माजी महापौर यूसुफ झिया अल-खालिदी यांनी ते फ्रान्सचे प्रमुख रब्बी झादोक कान यांना लिहिले आणि ते झिओनिस्ट चळवळीचे संस्थापक हर्झल यांच्याकडे पोहोचले. खालिदी म्हणतात की, पॅलेस्टाईनवरचा ज्यूंचा हक्क कोण नाकारील, इतिहासाच्या दृष्टीने तो तुमचाच देश आहे. पण आज तेथे इतर लोक राहतात, आणि म्हणून ईश्वराला स्मरून सांगतो, पॅलेस्टाईनला सुखाने राहू द्या. हर्झल यांनी तीन आठवड्यांच्या आत उत्तर दिले. ज्यूंच्या भांडवलाने व बुद्धीने तेथील लोकांची मालमत्ता वाढेल, त्यांना घालवून देण्याचा विचार कोण करील, असा त्याचा आशय होता. एका राष्ट्रपणाच्या प्रश्नाला मालमत्तेच्या भावाचे उत्तर मिळाले. झिओनिस्टांपैकी सर्वांनाच हे दिसत नव्हते असे मात्र नाही. अहद हाआम यांनी १८९१ मध्येच लिहिले होते की हा देश ओसाड असल्याची परदेशातली समजूत खोटी आहे, पडीक शेत शोधूनही सापडत नाही. आणि झाबोतिन्स्की यांनी १९२३ मध्ये आपल्या बाजूने, पण सरळपणे, लिहिले की कोणताही मूळ रहिवासी समाज आपला देश आपखुशीने दुसऱ्याला देत नसतो, अरबही देणार नाहीत.

आता ब्रिटिशांच्या वचनांविषयी. १९१५-१६ मध्ये इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहन यांनी मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याचे आश्वासन दिले आणि दमास्कस, होम्स, हामा व अलेप्पो या 'जिल्ह्यां'च्या पश्चिमेचा भाग वगळला. अरबीत त्यासाठी 'विलायत' हा शब्द पडला. विलायत म्हणजे शहराचा परिसर की मोठा प्रांत, यावर पॅलेस्टाईन वगळला गेला की नाही हे अवलंबून राहिले, आणि त्यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. पॅलेस्टाईनचे नाव त्या पत्रात नाही. मे १९१६ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी हाच प्रदेश आपसात वाटण्याचा गुप्त करार केला. २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचे पत्र आले. ते ६७ शब्दांचे वाक्य शांतपणे वाचावे. ज्यूंसाठी 'राष्ट्रीय निवासस्थान' असे त्यात आहे. राज्य हा शब्द नाही. त्या वेळी तेथील दहापैकी नऊ माणसे अरब होती, त्यांचा उल्लेख 'अस्तित्वात असलेले, ज्यू नसलेले समाज' असा आहे आणि त्यांच्या 'नागरी व धार्मिक' हक्कांना बाध येणार नाही असे म्हटले आहे. 'राजकीय' हा शब्द त्याच वाक्यात येतो, पण इतर देशांत राहणाऱ्या ज्यूंच्या दर्जाबद्दल. ब्रिटिश सरकारात या जाहीरनाम्याला कडाडून विरोध करणारे मंत्री होते एडविन माँटेग्यू, आपल्याकडे ज्यांचे नाव १९१९च्या सुधारणांमुळे माहीत आहे. ते स्वतः ज्यू होते.

१९२२च्या शिरगणतीत ज्यू ११ टक्के होते, १९३१ मध्ये १७ टक्के, १९४६च्या अखेरीस सुमारे एकतृतीयांश. ज्यूंसाठी हा वाचलेल्या माणसांचा आकडा होता आणि अरबांसाठी हातून निसटणाऱ्या बहुमताचा.


नवगाव ते लोद :

मी बेने इस्राएल आहे. आमचे मूळ गाव रायगड जिल्ह्यातले. आजी-आजोबा १९६०च्या दशकात इस्राएलला गेले आणि मी लोद शहरात वाढले. घरी मराठीच बोलतो. वरच्या चर्चेत ज्यूंच्या 'ऐतिहासिक हक्का'बद्दल बरेच लिहिले गेले, म्हणून त्यातली स्मृती घरात कशी राहते एवढेच सांगावेसे वाटते.

पहिले आणि दुसरे मंदिर पडल्याच्या दिवसाचा उपास सगळे ज्यू करतात. कोकणात आमचे लोक त्याला बिरड्याचा सण म्हणत, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे होई. आजीला हिब्रू वाचता येत नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिराचे दुःख तिला वाल सोलताना कळले. वल्हांडणाच्या रात्री 'पुढल्या वर्षी यरुशलेमात' हे वाक्य घरातले लहान मूलही म्हणे. म्हणून हा हक्क कोणी हर्झलच्या काळात रचला असे कोणी म्हटले की मला दुखते. आणि हेही लिहिते की आम्हाला कोकणातून कोणी हाकलले नाही. आजोबा आपखुशीने गेले. बगदादच्या ज्यूंची गोष्ट वेगळी. १९५०-५१ मध्ये इराकमधून सुमारे सव्वा लाख ज्यू निघाले ते नागरिकत्व आणि पुढे मालमत्ता गमावून. अरब देशांतून असे आठ लाखांहून अधिक ज्यू बाहेर पडले, त्यांतले बहुतेक इस्राएलला आले. निर्वासितांचा हिशेब होतो तेव्हा तेही मोजले पाहिजेत.

तेथे गेल्यावर आमच्या लोकांना आपण खरे ज्यू आहोत का, असे विचारले गेले. १९६१ नंतर बेने इस्राएलांच्या विवाहासाठी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश निघाले, आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ठराव करून आम्हाला सर्व बाबतींत ज्यू मानले. ज्या हक्कावर विसंबून घर सोडले तो हक्कच पुन्हा सिद्ध करावा लागला, हे आजोबांना फार लागले होते.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. लोद म्हणजे अरबांचे लिद्द. संयुक्त राष्ट्रांच्या १९४७च्या फाळणी योजनेत ते अरब राज्याकडे होते. जुलै १९४८ मध्ये ते जिंकल्यावर लिद्द आणि शेजारच्या रामला येथील पन्नास हजारांहून अधिक अरबांना उन्हाळ्यात पायी पूर्वेकडे जायला लावले गेले. वाटेत तहानेने माणसे मेली. शाळेत आम्हाला यातले काही शिकवले नाही. जुन्या भागात कमानी असलेली दगडी घरे होती, तेथे आमच्यासारखीच दूरदूरहून आलेली कुटुंबे राहत. त्या घरांत आधी कोण राहत होते हे मी विचारले तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आम्हाला किल्ली सरकारनं दिली, बाळा. आधी कुणाची होती ते विचारायचं आम्हाला सुचलंच नाही."


वर्धेकर :

सर्वांचे मनापासून आभार. नवगाव ते लोद यांचा प्रतिसाद मी त्यांच्या परवानगीने वर्गात वाचून दाखवू इच्छिते. एक शंका अजून उरते. १९४७ मध्ये ज्यूंनी फाळणी स्वीकारली आणि अरबांनी नाकारली, म्हणून अरबांनी आपला हक्क स्वतःच गमावला, असे अनेक जण म्हणतात. भारताने त्या वेळी काय भूमिका घेतली होती आणि का?


अनुच्छेद :

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांत फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला, १० देश तटस्थ राहिले. भारताने विरोधात मत दिले. त्याआधी नेमलेल्या अकरा देशांच्या समितीत भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान होते. सात सदस्यांनी फाळणी सुचवली; भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी एकच संघराज्य आणि त्यात ज्यू व अरब घटक असा पर्याय मांडला. स्वतःच्या फाळणीच्या जखमेतून रक्त वाहत असताना भारताला दुसऱ्याची फाळणी मान्य होणे अवघड होते. देशात याला अपवाद होतेच. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राज्याच्या बाजूने निवेदन काढून भारताच्या मतावर टीका केली. भारताने इस्राएलला मान्यता दिली ती सप्टेंबर १९५० मध्ये.

अरबांच्या नकाराचे कारण आकड्यांत आहे. लोकसंख्येच्या एकतृतीयांश असलेल्या समाजाला सुमारे ५५ टक्के भूमी मिळत होती. त्यातला मोठा भाग नेगेवचे वाळवंट होता आणि युरोपात छावण्यांत अडकलेल्या निर्वासितांसाठी जागा हवी होती, हे ज्यूंचे म्हणणे विसरू नये. परंतु नियोजित ज्यू राज्यात साधारण ४ लाख ९८ हजार ज्यू आणि ४ लाख ७ हजार अरब राहणार होते, शिवाय भटके बदाऊनी अरब वेगळे. ज्या देशात काल बहुमत होते तेथे उद्या अल्पसंख्य व्हा, असे त्या चार लाखांना सांगितले जात होते. तथापि नकार देताना अरब नेतृत्वाने समितीवर बहिष्कार घातला, साक्षही दिली नाही, आणि ठरावानंतर युद्धाचा मार्ग धरला. यात त्यांनी आपल्या माणसांचे अपरिमित नुकसान केले, असे माझे मत आहे. मात्र नेतृत्वाच्या चुकीने शेतकऱ्याचा घरावरचा हक्क संपतो, हे मला मान्य नाही. नेतृत्वाला मत देण्याचा अधिकार त्याला कोणी दिलाच नव्हता.

वर किल्लीचा उल्लेख आला आहे, त्याला धरून दोन कायदे सांगतो. युद्धात सात लाखांच्या आसपास अरब परागंदा झाले, चारशेहून अधिक गावे रिकामी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या डिसेंबर १९४८च्या १९४ क्रमांकाच्या ठरावात, शेजाऱ्यांबरोबर शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना परतू द्यावे, असे म्हटले गेले. मार्च १९५० मध्ये क्नेसेटने 'गैरहजरांच्या मालमत्ते'चा कायदा केला. त्यान्वये गेलेल्यांची जमीन व घरे सरकारी अभिरक्षकाकडे आली. जे देशातच राहिले होते पण युद्धाच्या काळात आपल्या गावाबाहेर होते तेही त्यात धरले गेले. त्यांना 'हजर गैरहजर' हे नाव पडले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच सभागृहाने परतीचा कायदा केला आणि जगातल्या कोणत्याही ज्यूला इस्राएलमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला.


नवगाव ते लोद :

वर्धेकर, जरूर वाचून दाखवा. फक्त गावाचे नाव घेताना लोद आणि लिद्द अशी दोन्ही नावे घ्या.